सेवानिवृत्त यंत्रे

संग्रहाच्या हौसेला विषयाची मर्यादा नसते, हे आपण सर्वजण जाणतो. पोस्टाची तिकिटे, नाणी, थोरांची हस्ताक्षरे, काडेपेट्यांवरील चित्रे यांचे संग्राहक प्रत्येक शहरात भेटतात आणि त्यांच्याविषयी कोणाला नवल वाटत नाही. परंतु कपडे धुण्याची आणि वाळवण्याची जुनी यंत्रे जमविणारी माणसे या जगात आहेत, असे सांगितले म्हणजे ऐकणारा प्रथम हसतो. अशी माणसे आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत व इंग्लंडात ती विशेषेकरून आढळतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ईटन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे विद्युत्-अभियांत्रिकीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अशी हजाराहून अधिक यंत्रे जमवून त्यांचे संग्रहालयच उभे केले. या मंडळींचे मन साध्यासुध्या यंत्रावर जडत नाही. ज्याच्या रचनेत काही आगळेपणा आहे, जे एके काळी नवलाचे म्हणून विकले गेले आणि पुढे बाजारातून नाहीसे झाले, असे यंत्र त्यांना हवे असते. ते मिळावे म्हणून शेकडो मैलांचा प्रवास करण्यास ते तयार असतात.

या हसण्याचे कारण शोधू लागलो म्हणजे असे दिसते की, संग्रहयोग्य वस्तू कोणती याविषयी आपल्या मनात एक दरबारी कल्पना दडलेली आहे. तलवार, शिरपेच, ताम्रपट जपावेत. धुण्याचा पाट कशाला? महाराष्ट्रात तरी ही कल्पना पुण्याच्या दिनकर केळकरांनी केव्हाच मोडीत काढली आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला प्रारंभ केला आणि दिवे, अडकित्ते, वज्रा, फण्या, कुंकवाचे करंडे अशा घरगुती वस्तूंना त्यात मानाचे स्थान दिले. अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या नावाने उभे राहिलेले ते संग्रहालय त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. अहमदाबादेस बदलीवर असणाऱ्या वाचकांनी तेथील 'विशाला'मधले भांड्यांचे संग्रहालय पाहिले असेल. पाय घासण्याची वज्री जर जपण्यासारखी ठरते, तर कपडे घासण्याचे यंत्र का ठरू नये? तेव्हा हसण्याचा प्रश्न येथेच मिटला असे समजून आपण पुढे जाऊ.

पुढचा प्रश्न मात्र इतक्या सहजासहजी मिटणारा नाही. साधन हे कामासाठी असते. काम संपले, किंवा ते काम दुसरे एखादे साधन अधिक चांगले करू लागले, म्हणजे पहिल्याशी आपले नाते काय उरते? ते भंगारात घालावे, की पुसूनपासून मखरात बसवावे, की मोडकेतोडके का होईना त्याच्याकडून काम करून घेत राहावे? आणि जो हे जपतो तो नेमके काय जपतो : लोखंड, कल्पकता, की त्या लोखंडाभोवती एके काळी झिजलेल्या माणसांची स्मृती? जुन्या धुलाईयंत्रांचा संग्रह हा आम्हांस या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम विषय वाटतो. या वस्तूला ना सोन्याचे मोल आहे, ना इतिहासप्रसिद्ध पुरुषाचा स्पर्श. त्यामुळे प्रश्न त्याच्या निखळ स्वरूपात समोर येतो.

प्रथम या यंत्रांचा थोडा परिचय करून घेणे इष्ट होईल. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील न्यूटन या गावी १८९३ साली स्थापन झालेली मेटॅग ही कंपनी मुळात शेतीची अवजारे करीत असे. अवजारांची विक्री हंगामी. रिकाम्या महिन्यांत कारखान्याने करावे काय, म्हणून १९०७ साली तिने धुलाईयंत्र काढले. पुढे पोटधंदाच मुख्य धंदा झाला. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांत वीज नव्हती; १९३५ साली सुद्धा दर दहा शेतकरी घरांपैकी सुमारे एकाच घरी ती पोहोचली होती. म्हणून १९१५च्या सुमारास या कंपनीने आपल्या यंत्राला पेट्रोलवर चालणारे लहानसे एंजिन बसविले. पायाने दांडा मारून ते सुरू करावयाचे आणि त्याचा धूर लांब नळीने घराबाहेर सोडावयाचा. एवढे एंजिन घरात आले आहे तर त्याच्याकडून आणखी काही काम का करून घेऊ नये, या विचाराने यंत्राला जोडता येईल असा लोणी काढण्याचा रवी-डेरा निघाला, मांस किसण्याचे उपकरण निघाले, आइस्क्रीमचे भांडेही निघाले. पंजाबात नोकरी केलेल्या वाचकांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. तिकडच्या ढाब्यांवर धुलाईयंत्रात लस्सी घुसळतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आयोवाच्या कारखानदाराने जे विचारपूर्वक केले तेच पंजाबच्या ढाबेवाल्याने स्वयंस्फूर्तीने केले, एवढाच काय तो फरक.

१९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित यंत्र लोकांसमोर आणले. पाणी घेणे, धुणे, खळबळणे, पिळणे ही सारी कामे ते आपली आपण करी. मात्र पिळताना त्याला एवढे हादरे बसत की, त्याचे पाय बोल्टांनी जमिनीला जखडून टाकावे लागत. याच कंपनीने १९५०च्या सुमारास एक अजब यंत्र काढले. त्याची आतली टाकी लवचीक होती. धुणे संपले की आतली हवा शोषून घेतली जाई आणि टाकीच्या भिंती कपड्यांना चहूबाजूंनी आवळून त्यांतले पाणी काढीत. एखाद्या बाईने ओले वस्त्र मुठीत दाबावे तसे. जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर यंत्रात मधला दांडा इतरांप्रमाणे डावीउजवीकडे न फिरता वरखाली नाचे आणि पिळताना टाकी मिनिटाला १,१४० फेरे घेई. थॉर नावाच्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर असे यंत्र विकले की, आतली टाकी बदलली म्हणजे त्यात कपड्यांऐवजी ताटवाट्या धुता याव्यात. वेस्टिंगहाउसच्या यंत्राचे दार हाच तराजू होता. दारावर कपडे ठेवावेत, वजन पाहावे आणि त्या मानाने पाणी घ्यावे. काही यंत्रांत साबणाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते शेजारच्या टाकीत साठवून पुढच्या घाण्याला परत खेचून घेण्याची सोय होती. पांढरे कपडे आधी, रंगीत मागून आणि मळकट सर्वांत शेवटी, हा आपल्या मोरीवरचा क्रम त्या यंत्राने जसाच्या तसा उचलला होता.

वाळवणयंत्राची कथा याहून हृद्य आहे. अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात हिवाळा असा की, दोरीवर घातलेले कपडे वाळण्यापूर्वी गोठून फळीसारखे ताठ होतात. तेथील जे. रॉस मूर यांनी या जाचाला कंटाळून एक छपरी बांधली, तीत शेगडी पेटविली आणि आत कपडे टांगले. तेथून पुढे बरीच वर्षे खटपट करून त्यांनी फिरत्या पिंपाचे यंत्र सिद्ध केले आणि विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते १९३८ साली 'जून डे' या नावाने बाजारात आणले. बर्फात बुडालेल्या मुलुखात त्या यंत्राला जून महिन्याचे नाव मिळाले, यात जाहिरातबाजीपेक्षा काही अधिक आहे असे आम्हांस वाटते. त्याला काचेची खिडकी असावी ही सूचना ब्रुक्स स्टीव्हन्स या आकृतिकाराची. आत कपडे उडताना दिसले नाहीत तर या पेटीत काय चालते हे लोकांना कळणार कसे, असा त्यांचा विचार. पुढे वेस्टिंगहाउसने असे वाळवणयंत्र काढले की, कपडे कोरडे झाले म्हणजे ते एक सूर वाजवी. आणि तो सूर होता घसा कोरडा पडल्याची तक्रार करणाऱ्या मद्यप्याच्या गाण्याचा! शिलाँगच्या किंवा मंगळूरच्या पावसाळ्यात चार चार दिवस ओल्या धोतरांकडे पाहत बसलेल्या आपल्या बांधवांना असा सूर किती गोड लागला असता!

आता प्रश्नाकडे वळू. संग्रहाच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा करता येईल की, ही यंत्रे म्हणजे एका प्रश्नाची टाकून दिलेली उत्तरे होत. कापडातील मळ पाण्याने काढावा कसा आणि मग त्यातील पाणी काढावे कसे, हा प्रश्न एकच. त्याला आवळणे, आपटणे, घुसळणे, भोवंडणे अशी किती तरी उत्तरे सुचली आणि त्यांतील दोनतीनच टिकली. टिकली ती सर्वोत्तम म्हणूनच टिकली, असे आपण गृहीत धरतो. परंतु प्रत्यक्षात एखादे उत्तर महाग पडले म्हणून मागे पडते, एखादे त्याची कंपनी विकली गेली म्हणून. फ्रिजिडेअरचा वरखाली नाचणारा दांडा १९७९ साली जनरल मोटर्सने तो धंदा विकून टाकल्यावर इतिहासजमा झाला. कपडे त्याने वाईट धुतले म्हणून काही तो गेला नाही. साबणाचे पाणी पुन्हा वापरण्याची सोय आजच्या यंत्रांतून गेली आहे आणि पाण्याची टंचाई मात्र वाढली आहे. जे समाज केवळ विजेत्यांची स्मृती ठेवतात त्यांना आजची स्थिती अटळ वाटू लागते. टाकलेली उत्तरे कोणी तरी सांभाळली म्हणजे आजचे उत्तर हे अनेकांपैकी एक आहे, ही जाणीव शाबूत राहते. सरकारी दफ्तरात आयुष्य घालविलेल्या वाचकांना हे पटण्यास हरकत नाही. अमान्य झालेल्या टिपणीचा कागदही आपण फाइलीतून काढून टाकीत नाही, तो याच कारणासाठी.

या संदर्भात एक ऐतिहासिक प्रसंग आठवतो. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोतील अमेरिकन प्रदर्शनात त्या देशाचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांचा जो वाद झाला, तो एका स्वयंपाकघरात आणि धुलाईयंत्राच्या साक्षीने झाला. आमच्याकडे नाना तऱ्हांची यंत्रे आहेत, कारण गृहिणीला निवड करता आली पाहिजे, असे निक्सन यांचे म्हणणे. आणि अग्निबाणांच्या ताकदीपेक्षा धुलाईयंत्रांच्या गुणांत स्पर्धा केलेली बरी नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न. स्त्रियांकडे पाहण्याची ही तुमची भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, असे ख्रुश्चेव्ह उत्तरले. पुढे सोव्हिएत संघ राहिला नाही हे खरे; परंतु ती नाना तऱ्हांची यंत्रेही राहिली नाहीत. एकेक कंपनी दुसरीने गिळली. २००६ साली मेटॅग व्हर्लपूलच्या पोटात गेली आणि २००७ साली न्यूटनचा कारखाना बंद पडला. ज्या विविधतेचा महासत्तेने एवढा अभिमान मिरविला, ती आज पाहावयाची तर या छांदिष्ट संग्राहकांच्या तळघरांत जावे लागते.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु त्यात एक गोम आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. संग्राहक दुर्मिळतेला मोल देतो. यंत्र दुर्मिळ होते ते दोन कारणांनी : एक तर ते फारसे खपले नाही, किंवा वापरून वापरून त्याचा चुराडा झाला. बाजारात चांगले म्हणून गाजलेले, घरोघरी दररोज राबलेले यंत्र शेवटी भंगारात जाते. कोणा एकाकी आजीबाईच्या घरात आठवड्यातून एकदा चाललेले यंत्र मात्र चकचकीत राहते आणि संग्राहकाच्या हाती लागते. म्हणजे संग्रहालयात जे पोहोचते ते बहुधा सर्वांत कमी उपयोगी पडलेले असते. मनुष्यांच्या बाबतीतही काही वेगळे घडते असे नाही. झिजले ते विसरले गेले आणि न झिजता राहिले त्यांचे तैलचित्र लागले, हे आपण कचेऱ्यांच्या भिंतींवर नित्य पाहतो. यावर उपाय एवढाच की, संग्राहकाने चकाकीला भुलू नये. ज्याचा रंग उडाला आहे, ज्याच्या पिळणीचे रूळ मध्यभागी खोलगट झाले आहेत, ते यंत्र कोऱ्या यंत्राइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे मानावे; कारण त्याच्यावर कामाची सही आहे.

दुसरा प्रश्न असा की, ही यंत्रे चालवावीत की नुसती ठेवावीत? या विषयावर संग्राहकांत मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, चालविले की झिजणार. म्हणून जसे आहे तसे जपावे. दुसरा पक्ष म्हणतो, धुणारे यंत्र धूत नसेल तर ती नुसती एनॅमल चढविलेली पेटी झाली. दुसऱ्या पक्षाची अडचण सुट्या भागांची आहे. लवचीक टाक्या कालांतराने कडक होऊन तडकतात, पट्टे तुटतात, झडपा गंजतात. मग एक यंत्र जगविण्यासाठी दुसरे मारावे लागते आणि तीन यंत्रांचे अवयव एकत्र करून एक चालते होते. ते यंत्र मग कोणते म्हणावयाचे? मिलिंद राजाला नागसेनाने रथाचा दृष्टांत देऊन हेच विचारले होते. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? भागांच्या विशिष्ट जुळणीला आपण रथ या नावाने ओळखतो, इतकेच. या विचाराने पाहता तीन यंत्रांतून झालेले एक यंत्र बनावट ठरत नाही. जुळणी टिकली आणि तिचे कार्य टिकले तर नाव टिकले. जे एकही भाग न बदलता काचेआड मुके उभे आहे, त्याचे लोखंड अस्सल असेल. परंतु वरखाली नाचणारा दांडा कपड्यांना कसा आत ओढून घेतो, हे त्या लोखंडाकडे शंभर वर्षे पाहूनही कळणार नाही. शिवाय यंत्र दुरुस्त करण्याचे ज्ञान हातात असते आणि हात चालले तरच ते पुढच्या हातात जाते. म्हणून आमचा कौल चालविणाऱ्यांकडे आहे. मात्र जे एकुलते एक उरले असेल त्याच्या बाबतीत संयम पाळावा, एवढा अपवाद आम्ही करू.

येथवरचा विचार यंत्राचा झाला. परंतु खरा नैतिक प्रश्न यंत्राच्या पलीकडे, त्याच्याजवळ उभ्या राहिलेल्या व्यक्तीविषयी आहे. या छंदात पुरुषांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील अनेकांना हा नाद बालपणी लागलेला असतो. आईचे यंत्र चालू असताना त्याच्यासमोर बसून गोल फिरणारे कपडे पाहत राहणे, हे त्यांचे सुख. ते सुख खोटे नाही. परंतु ते पाहणाऱ्याचे सुख आहे, धुणारीचे नव्हे. आईच्या लेखी तो सोमवार होता. त्या यंत्रांच्या पिळणीत बोटे आणि कधी कधी कोपरापर्यंतचा हात सापडे. लहान मुलांच्या बाबतीत हे इतके वारंवार घडे की, अमेरिकन वैद्यकात त्या दुखापतीला स्वतंत्र नाव मिळाले. पिळणीवर जो झटक्यासरशी रूळ सोडविणारा दांडा संग्राहक कौतुकाने दाखवितो, तो कोणाच्या तरी चिरडलेल्या हातानंतर बसविला गेला आहे. आगळ्या सोयींची यादी करताना हे आगळेपण वगळून चालणार नाही.

आणि या यंत्रांनी स्त्रीचे श्रम खरोखर वाचविले काय? याला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. रॉबर्ट कॅरो यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या लिंडन जॉन्सन यांच्या चरित्रात टेक्सासच्या डोंगराळ भागातील वीज येण्यापूर्वीचा धुण्याचा दिवस वर्णिला आहे. विहिरीचे पाणी ओढून, चुलाण्यावर उकळून, एका टबातून दुसऱ्या टबात ओले जड कपडे उचलता उचलता त्या बायका ऐन वयात वाकून गेल्या. स्वीडनचे हान्स रोस्लिंग २०१०च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगत की, घरात पहिले धुलाईयंत्र आले तेव्हा त्यांची आजी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसली आणि धुणे आरंभापासून शेवटपर्यंत पाहत राहिली. तिने जन्मभर चुलीवर पाणी तापवून धुतले होते. आईला जो वेळ मिळाला त्यात ती मुलाला ग्रंथालयात नेऊ लागली. हे एक उत्तर. दुसरे उत्तर रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार विदुषींनी १९८३ साली दिले. यंत्र येण्यापूर्वी अनेक घरांतील धुणे बाहेरच्या धोबिणीकडे किंवा धुलाईच्या कारखान्याकडे जाई. यंत्र आले आणि ते काम घरात परत आले. स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्याने बदलावयाचा सदरा रोज बदलू लागला. नवऱ्याचा, मुलांचा, नोकरांचा हातभार सुटला आणि सारे काम एकट्या गृहिणीवर येऊन पडले. कष्ट कमी झाले, काम कमी झाले नाही. या दोन उत्तरांत आम्हांस विरोध दिसत नाही. पाठ वाकायची थांबली हे खरे आहे आणि वेळ दुसऱ्या कोणी खाल्ला हेही खरे आहे.

महात्मा गांधींचे यंत्रांविषयीचे मत सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांनी केलेला एक अपवाद पुष्कळांच्या लक्षात नसतो. १९२४ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला दोषमुक्त ठरविले. आपली पत्नी हाताने टाके घालून थकते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप यंत्रावर नाही, यंत्राच्या वेडावर आहे, हे त्यांचे सूत्र. ही कसोटी आम्ही संग्राहकालाही लावू इच्छितो. त्याच्या संग्रहाच्या मुळाशी त्या थकलेल्या हातांविषयी काही भाव आहे, की नुसते यंत्राचे वेड आहे? ईटनच्या त्या प्राध्यापकांनी आपल्या विषयावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ 'स्त्रियांचे प्राण वाचवा' असा होतो, हे या दृष्टीने नमूद करण्यासारखे आहे.

ही कसोटी परक्यांना लावून आपण मोकळे होऊ नये. आपणा मराठी अधिकाऱ्यांच्या दिल्ली-भोपाळच्या बंगल्यांत आणि सदनिकांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब दिसतो. तो घासूनपुसून लख्ख केलेला असतो आणि त्यात विस्तवाऐवजी दिव्याचा गोळा असतो. घंगाळात फुले तरंगत असतात. कोठे दगडी जाते काचेच्या फळीला आधार देते आणि त्यावर चहाचे पेले ठेवले जातात. परमुलखात आपल्या मातीची खूण जवळ असावी ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि दर तीन वर्षांनी ज्यांचा संसार लाकडी खोक्यांत बांधला जातो त्यांनी एवढे ओझे वाहावे यातच त्यांची माया दिसते. परंतु त्या जात्याचा खुंटा पहाटेच्या अंधारात धरणारी कोण होती, त्या बंबात पहाटे ढलप्या कोण घालीत होते, हे त्या खोलीत कोणी सांगते काय? पाहुणा म्हणतो, किती सुंदर! आणि आपण किंमत सांगतो. वस्तू राहिली, श्रम अदृश्य झाले. त्याच घरात मागील दाराने येणारी धुण्याभांड्याची बाई यंत्राशेजारी बसून चादरी हाताने आपटीत असते, कारण यंत्राने वीज लागते किंवा 'तिला ते जमणार नाही' असे आपण ठरविलेले असते. जुन्या श्रमांची शोभा मांडावी आणि चालू श्रमांकडे पाठ करावी, यासारखी विसंगती नाही. विदेशी संग्राहकाला हसण्यापूर्वी तिचा विचार केलेला बरा.

तर मग संग्रह करूच नये काय? अपरिग्रहाचा उपदेश ज्या देशात योगसूत्रांपासून चालत आला आहे, तेथे हे उत्तर सोपे वाटते. परंतु अपरिग्रह वस्तूंच्या संख्येशी बांधलेला नाही. आपण वस्तूला कशासाठी धरून ठेवतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. त्याच परंपरेत खंडेनवमीला आणि दसऱ्याला सुतार करवतीला, सैनिक शस्त्राला आणि कारकून लेखणीला हळदकुंकू वाहतो. या पूजेतील मर्म असे की, ती चालू साधनांची असते. दुसऱ्या दिवशी करवत पुन्हा लाकडाला लागते. ज्याच्यामुळे पोट भरते त्याचे ऋण वर्षातून एकदा तरी उच्चारावे, हा तिचा हेतू. संग्राहक हेच ऋण साधन निवृत्त झाल्यावर उच्चारतो. त्याचा उच्चार पुरा व्हावयाचा तर त्यात त्या साधनाने वाचविलेले श्रम यावेत, न वाचविलेले यावेत, आणि घेतलेली बोटेही यावीत.

यावरून आमचा निष्कर्ष तीन गोष्टींत सांगता येईल. जेवढ्यांची कथा आपण सांगू शकतो तेवढीच यंत्रे ठेवावीत. ज्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही, तो निव्वळ साठा होय. शक्य तोवर ती चालती ठेवावीत आणि चालविण्याची विद्या कोणा तरुण हाताला द्यावी. आणि प्रत्येक यंत्राजवळ, ते कोणी काढले याबरोबरच, ते कोणी वापरले हेही लिहून ठेवावे : घरात माणसे किती होती, पाणी कोठून येई, धुण्याचा वार कोणता, पिळणीजवळ कोण उभी राहत असे. हा तपशील सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत. त्यांना विचारण्याचे काम मात्र पुढे ढकलता येण्यासारखे नाही.

हेच काम आपल्या बंबाच्या आणि जात्याच्या बाबतीतही करण्यासारखे आहे, आणि त्याला संग्रहालयाची गरज नाही. पुढच्या बदलीच्या वेळी सामान बांधताना त्या बंबाच्या पोटात एक कागद ठेवावा. त्यावर तो ज्या घरातून आला त्या घराचे गाव आणि पहाटे उठून तो पेटविणाऱ्या बाईचे किंवा गड्याचे नाव लिहावे. नाव आठवत नसेल तर घरी पत्र टाकून विचारावे. उत्तर देणारे माणूस आज आहे तोवरच हे साधेल.